जन्मदाखल्यावरचं गाव

मी ह्याच गावचा. माझी आईबी ह्याच गावची, म्हंजे तिचं माहेर वरल्या आळीला आन् सासर खालच्या आळीला, चुलत्याच्याच घरात दिलेली, त्यामुळं जलमलो हितंच, वाढलो हितंच आन् मरंन तेबी हितंच. गावाचं नाव मातर लिहू नका, औशाच्या खाली लहानसं गाव हाय एवढं लिहा बास, शेजारची गावं आधीच हसतात आम्हाला. आमचं दर्ज्याचं घर. बाप शेरवान्या शिवायचा म्हणायचा, मी काय शेरवान्या पाहिल्या न्हाईत, मी पायजमे शिवले, शाळेच्या चड्ड्या शिवल्या, आन् कबड्डीच्या बनियनावर नंबर शिवले. याकूबमामू कोण म्हणलं तर लोक मशीन दाखवत न्हाईत, मैदान दाखवतात. दाखवायचे म्हणा. आता तिथं काय हाय दाखवायला.

काय सांगू तुम्हाला, आमच्याकडं बारा गावचे सामने व्हायचे. हरभरा निघाला, तूर घरात पडली, की बारा गावचे गडी एका मैदानावर. ढाल एकच. मैदानाच्या कडेला एक फळा, त्यावर बारा गावांची नावं चुन्यानं लिहिलेली असायची, आन् ज्या गावाला टीम उभी करता आली न्हाई त्याचं नाव त्याच गावच्या मानसानं हातानं पुसायचं, असा दंडक. मी चढाईला जायचो, दम लई, आन् माझा दोस्त ग्यानबा कोपऱ्याला. ग्यानबानं घोटा धरला की धरला, सुटका न्हाई. दोनदा ढाल आणली आम्ही. लहान गाव, पण पोरगी द्यायला येनारे सोयरेसुद्धा म्हणायचे, हाव, हे ढालवालं गाव.

मग भूकंप झाला. त्याचं मी जास्ती सांगत न्हाई, लई लोकांनी सांगितलंय, माझ्याच्यानं होत न्हाई. टीममधले तीन गडी गेले. ग्यानबा गेला. मी त्याला दगडातून काढला तवा त्याचा हात मुठीत व्हता, आन् मला वाटलं आता हा घोटा धरतो. बास. ते ऱ्हाऊ द्या.

गाव सगळं पत्र्याच्या शेडमधी आलं. पुढल्या साली सामन्याचा टाइम आला तवा गुरुजी आले शेडवर. गुरुजी म्हंजे बारा गावच्या कमिटीचे अध्यक्ष, शाळामास्तर, धोतर एकदम पांढरंफेक. म्हणले, याकूब, टीम उतरवनार का? मी म्हणलं, गुरुजी, कुणाला घेऊन उतरू, चार गडी हायत. ते म्हणले, मग नाव पुसायला ये. असं म्हणले आन् त्यांच्याच डोळ्याला पानी आलं. मी सायकल काढली, गावोगाव गेलो, भीक मागितल्यावानी म्हणलं, एक गडी उसना द्या, यंदापुरता. आन् सांगतो तुम्हाला, दिले लोकांनी! कुण्या गावानं आपला चांगला गडी दिला, कुण्या गावानं त्याच्याबरोबर भाकरीबी बांधून दिल्या. त्याला पाहुणा गडी म्हणायचे. पाहुणे घेऊन आम्ही खेळलो, हरलो, पण फळ्यावर नाव ऱ्हायलं. त्या दिवशी मी मैदानावर बसून रडलो, लपून न्हाई, समद्यांसमोर.

पण मानसाची जात बगा. पुढल्या साली एक गाव म्हणलं, त्यांना पाहुणे चालतात तर आम्हाला का न्हाई? आणले दोन. दुसऱ्यानं तीन आणले. हमरस्त्यावरच्या मोठ्या गावानं तर सहा आणले, लातूरचे, नांदेडचे, कुठल्या कुठल्या टीमचे पहेलवान, आन् गावचा एकच गडी, तोबी सरपंचाचा भाचा. साठ-सत्तर गुणांनी हरायला लागली लहान गावं. गावची पोरं अंगात बनियन घालून दोरीच्या भाईर बसलेली, आन् आतमधी गावाच्या नावानं कोण खेळतंय, ते पोरांनाच ठाऊक न्हाई. मला लई वाईट वाटायचं, कारण ही वाट मीच पाडली व्हती. मग गुरुजींनी आन् मी मिळून कायदा केला, पाहुणे दोनच. दोनाच्या वर एकबी न्हाई. काही साल बरं चाललं.

मग आले क्लास. लातूरला ते डॉक्टर-इंजिनेरचं वेड सुरू झालं न्हाई का, गल्लीगल्लीत क्लास, रूमवर पोरं, मेसचे डबे, त्यात त्या मोठ्या गावचा एक सर लातूरला क्लास काढून बसला. सराला कबड्डीचा शौक. तो काय करायचा, बारा गावात फिरायचा, ज्याची चढाई चांगली त्याच्या बापाकडं जायचा, म्हणायचा, दादा, पोराला क्लास फुकट, रूम फुकट, मेस फुकट. आता सांगा, कोणचा बाप न्हाई म्हणंल? एक पोरगं दहावीला दोनदा गचकलेलं, तेबी डॉक्टरच्या क्लासला! बाप लई खूष. आन् सामने आले की सर ह्या समद्या पोरांना आपल्या गावच्या बनियनात उतरवायचा. आम्ही म्हणलं, हे पाहुणे हायत, दोनच चालतील. सर म्हणायचा, पाहुणे कुठं, माझ्याकडं ऱ्हातात, हे बगा आमच्या सरपंचाचं ऱ्हाण्याचं सर्टिफिकेट. सात गावचे हिरे एका टीममधी. त्यांच्यासमोर आमच्या टीमा म्हंजे नुसता पालापाचोळा. माझा अस्लम तेवढा गेला न्हाई. माझा थोरला पोरगा, माझ्यापेक्षा दम जास्ती, सर दोनदा घरी येऊन गेला, अस्लम म्हणला, मी अब्बाच्याच टीममधून खेळनार. छाती फुगली माझी, खोटं कशाला बोलू.

आन् मग माझी अक्कल चालली. कमिटीच्या मीटिंगला मी उभा ऱ्हायलो, म्हणलं, ते ऱ्हाण्याचं सर्टिफिकेट खलास करा, पाहुणेबी खलास करा. जन्माचा दाखला आणा. दाखल्यावर जे गाव, त्याच गावातून खेळायचं. सर कितीबी रूम देऊ दे, जन्म तर बदलता येत न्हाई ना? लई टाळ्या पडल्या. गुरुजींनी पाठ थोपटली. सर हसला फक्त, म्हणला, मामू, तुमचाच कायदा हाय, पुन्हा बदलू नका. मी म्हणलं, दर्ज्याची जबान हाय, एकदा कापलेलं कापड परत जोडत न्हाई. तीन दिवस गावात मिरवलो मी.

चौथ्या दिवशी ग्रामसेवकाकडं दाखले घ्यायला गेलो. नऊ पोरांची यादी दिली. त्यानं वह्या चाळल्या, पुन्हा चाळल्या, म्हणला, मामू, चारच सापडतात. मी म्हणलं, नीट बगा. तो म्हणला, बाकीची पाच हितं जलमलीच न्हाईत. तवा माझ्या डोक्यात लख्ख झालं. आवो, ही समदी पोरं शेडच्या सालातली! गाव पत्र्यात ऱ्हायचं, उन्हात पत्रा तापायचा, पावसात खालून पानी, साप निघायचे, तिथं कोण बाळंत होईल? गावातल्या समद्या गरवार बाया माहेरी गेल्या, पहिलटकरीन असो नाहीतर तिसरं असो, आन् पोरं घेऊनच परत आल्या. एक जळकोटला जलमलेलं, एक तर बिदरकडं, म्हंजे कर्नाटकात! बाकीच्या अकरा गावात माहेरी जलमलेली काही असतीलच, पण त्यांच्याकडं घरी जलमलेलीबी भरपूर. शेडमधी ऱ्हायलेलं गाव बारातलं एकच, आमचं. माझ्या आईचं माहेर गावातच, म्हणून माझ्या डोक्यात कधी आलंच न्हाई, जन्म आन् गाव एगळं असू शकतं म्हणून. आन् अस्लमचा दाखला मुदखेडचा. माझ्या बायकोचं माहेर.

घरी येऊन मी बायकोवरच घसरलो, काय गरज व्हती मुदखेडला जायाची? हमीदा भाकरी थापून राहिली व्हती, तिचा हात थांबला. म्हणली, तुम्हीच गाडीत बसवून आलात की मला. शेडमधी साप निघाला त्या दिवशी तुम्हीच म्हणला, हमीदा, जा, हितं लेकरू जगायचं न्हाई. आता जगलं तर इचारून राहिले, तिथं का जगलं? तिनं भाकरी तव्यावर टाकली. ती म्हणली, अजी, गरिबाच्या पोराचा एकच तर खेळ व्हता, तोबी तुम्हीच कैचीनं कापला.

सामन्याला आठ दिवस ऱ्हायले व्हते. पाच गडी असल्याबिगर सामना सुरू होत न्हाई, आन् माझ्याकडं चार. मी येड्यावानी फिरलो. ग्रामसेवकाच्या पाया पडलो, म्हणलं, एक दाखला हितला लिहून द्या. तो बिचारा भला मानूस, म्हणला, मामू, जन्म एकदाच होतो. गुरुजींकडं गेलो, ते म्हातारे झाले व्हते, खाटेवर बसूनच म्हणले, याकूब, मीटिंगशिवाय मला कायद्याला हात लावता येत न्हाई, आन् बारा गावं मिळून म्हणली तर बदलू, पन त्याला त्या सराचीबी सही लागंल. गेलो सराकडं. लातूरला, क्लासच्या हाफिसात, चपला भाईर काढून. सर उठून उभा ऱ्हायला, चहा दिला, इज्जत दिली. म्हणला, मामू, तुमच्या पाच पोरांना वाट उघडा, माझ्या सातांनाबी उघडा. सही आत्ता करतो.

आता तुम्हीच सांगा, मी काय करायचं व्हतं? लई सालांनी लहान लहान गावं आपापली पोरं घेऊन येनार व्हती, बनियन माझ्याच मशीनवर शिवून नेले त्यांनी, नंबर टाकताना हसून राहिले व्हते. सराचे सात उघडले की ती पोरं पुन्हा दोरीच्या भाईर. मी चहा पिलो आन् उठलो. सही न घेता आलो.

सामन्याच्या दिवशी आमचे चार गडी उभे. तीन शिट्ट्यांची मुदत असायची, पहिली झाली. अस्लम दोरीला धरून उभा व्हता, सदऱ्याच्या आत बनियन घातलेलं मला दिसत व्हतं, मीच शिवलेलं. दुसरी शिट्टी झाली तसा तो जवळ आला, हळूच म्हणला, अब्बा, अजून टाइम हाय, सर तिथंच बसलाय, एक शब्द बोला. कधी कायबी मागितलं न्हाई त्या पोरानं माझ्याजवळ. मी खाली पाहिलं. तिसरी शिट्टी झाली. मी फळ्याकडं गेलो आन् गावाचं नाव ह्या हातानं पुसलं. चुना नखात गेला. मागं वळलो तर अस्लम न्हाई. मैदानावर लहान गावची पोरं खेळून राहिली व्हती, लई चांगलं खेळली त्या साली, मला कायबी दिसलं न्हाई.

तेवढं करून काय मिळालं? गुरुजी वारले. दोन सालानं कमिटीनं माझा कायदा रद्द केला, फळ्यावर आमचं नाव न्हाई म्हणून मला मीटिंगला बोलावलंबी न्हाई. सराचे सात पुन्हा आले. मग पोरंच सगळी लातूरला गेली, सामनेच बंद पडले. त्या लहान गावच्या पोरांना त्या सालाची याद तरी हाय का कुणास ठाऊक, मी इचारलं न्हाई, इचारायची हिंमत न्हाई. अस्लमनं त्या दिवसापासून मैदानात पाय टाकला न्हाई. एक सालभर माझ्याशी बोलला न्हाई. आता लातूरला क्लासच्या पोरांची व्हॅन चालवतो. बोलतो आता, दवा आणली का, जेवलात का, एवढं बोलतो. मी बरोबर केलं का चूक केलं, मला अजून उमगत न्हाई, नमाजला बसलो तरी तेच मनात येतं. दुसऱ्याची पोरं वाचवली म्हणावं तर तीबी वाचली न्हाईत, आन् माझं घरातलं गेलं.

आता सून गरवार हाय. सातवा लागला. परवा उदगीरहून तिची आई आन् भाऊ आले, पहिलं बाळंतपण, न्यायला आले, रीतच हाय ती. समदे जेवून राहिले व्हते आन् माझ्या तोंडून निघून गेलं, बाळंतपण हितंच करू या की, आता काय पत्र्यात थोडीच ऱ्हातो आपण, दवाखाना हाय, गाडी हाय. विहीणबाईचा चेहरा पडला, सून खाली मान घालून बसली. अस्लमनं हात धुतला, माझ्याकडं पाहिलं. इतक्या सालात त्यानं त्या दिवसाची गोष्ट काढली नव्हती. म्हणला, अब्बा, कोणत्या टीमसाठी?

रागानं न्हाई म्हणला हो. रागानं म्हणला असता तर बरं झालं असतं.

मी उठलो, मशीनवर जाऊन बसलो. मऊ सुती कापड व्हतं थोडं, त्याची दोन झबली शिवली आन् सुनेच्या पिशवीत ठेवली. आज सकाळीच तिला उदगीरच्या एसटीत बसवून आलोय, तवाच तर तुमच्याशी बोलायला टाइम मिळाला. डोक्यावर हात ठेवला तिच्या, म्हणलं, जा बेटी, आईजवळ जा, घाई करू नको यायची. अल्ला तिला सुखरूप सोडवो. दाखल्यावर गाव कोणतं यायचं ते येवो.