दाराजवळचा बाक

(टोंगातलं वावाऊ बेट. सोआकाई मास्तरांच्या घराचा ओटा. मास्तरांच्या दुखवट्याचा शेवटचा दिवस. मास्तरांची थोरली बहीण मेलिआमे रिवाजाप्रमाणे मास्तरांच्या मुलीचे, पिसिलाचे, केस कापायला बसली आहे. मास्तरांची बायको एसेता आत-बाहेर करते आहे.)

आत्या : मान हलवू नकोस. कात्री बोथट आहे, कान जाईल.

पिसिला : नाही हलवत.

आत्या : केस बापाचे घेतलेस हो. नुसता काथ्या. रडायचं तर रड, मी मघापासून वाट बघतेय.

पिसिला : रडून झालंय, आत्या.

आत्या : कधी? मला नाही दिसलं. मी तर त्याच्या उशाशी बसून होते.

पिसिला : मागे चुलीपाशी. रिवाजानं बायको-पोरांची जागा तिथेच, आई आणि मी तिथेच होतो. धुरात रडलेलं कळत नाही.

आत्या : हं. आज दुखवटा फिटतो, म्हणून आज विचारते. फिजीला जायचंय म्हणे तुला?

पिसिला : कोण म्हणालं?

आत्या : पाद्रीबुवांची बायको. त्या बाईच्या तोंडात तीळ भिजत नाही. समुद्राच्या तळाशी डोंगर पेटतात, ते शिकायला जायचंय म्हणे. खरं का?

पिसिला : खरं आहे.

आत्या : वा. घरात लग्न ठरलं, आत्याला विचारा. बाळाचं नाव ठेवायचं, आत्याला विचारा. डुक्कर कुठलं कापायचं तेसुद्धा आत्याला विचारा. आणि ही एवढी मोठी गोष्ट मला पाद्रिणीकडून कळते.

पिसिला : बाबा विचारणार होते तुम्हाला. मी कधीही विषय काढला की म्हणायचे, तुझ्या आत्याला विचारल्याशिवाय नाही पाठवणार.

आत्या : मग विचारलं का नाही?

पिसिला : तुमच्यासमोर त्यांना शब्द फुटायचा का, तुम्हीच सांगा.

आत्या : नाही फुटायचा. एका खोलीत बसायचं नाही, एका छपराखाली निजायचं नाही, मनातलं बोलायचं नाही. बहीण-भावाची अदब. आता तूच सांग, मेलेल्या माणसाशी काय अदब राखायची? पण पाऊस सुरू व्हायच्या आधी एकदा आला होता. कोनफळांची पाटी घेऊन. अंगणात उभा राहून वाऱ्याचं बोलला, चर्चच्या पत्र्यांचं बोलला. मी दाराआड चटई विणत बसलेली. म्हटलं, एवढी थोरली कोनफळं आणलीत, काहीतरी मागायचंय याला. काही न मागता गेला.

पिसिला : त्या दिवशी घरी येऊन जेवले नाहीत.

आत्या : दुखणं तेव्हाच सुरू झालं होतं का गं?

पिसिला : झालं असेल. आम्हाला नंतर कळलं.

एसेता : वन्सं, कोको आणलाय. गरम आहे तोवर घ्या, सकाळपासून पोटात काही नाही तुमच्या. आणि ते, नाही म्हणजे, रिवाज तुमचा, मी कोण सांगणार, पण तिचे खांद्यापर्यंत तरी ठेवाल का?

आत्या : ठेवते. तूही बस इथे, एसेता. आता कोणाला वाढायचं नाहीये. तर, पिसिला, कशाला शिकायचंय हे? डोंगर पेटायचा तो पेटणार. तू शिकलीस म्हणून थांबणार आहे का?

पिसिला : थांबणार नाही. पण आत्या, राख पडली तो दिवस आठवतो ना? भरदुपारी काळोख झाला, लोक म्हणाले प्रभूचा दिवस आला. आम्ही टेकडीवर पळालो. मला भीती वाटायची ती वाटलीच, पण राग जास्त आला. आपल्याच पाण्याखाली काय आहे ते आपल्यातल्या कोणालाच ठाऊक नव्हतं. मग बोटी आल्या, यंत्रं आली, सगळी परकी माणसं. त्यांनी आम्हाला शाळेच्या पटांगणात बसवून आमचाच समुद्र समजावून सांगितला. मी बाबांना म्हटलं, पुढच्या वेळी हे मी सांगणार.

एसेता : तेव्हापासून डोक्यात तेच. जेवताना तेच, झोपेत तेच.

पिसिला : पण तुम्ही नाही म्हणणार, हे मी धरूनच चालले होते.

आत्या : ते कशावरून?

पिसिला : मला विज्ञानाचं बक्षीस मिळालं तेव्हा सगळा गाव शाळेत आला होता. तुम्ही आला नाहीत. वर निरोप पाठवलात, पोरीला चटई विणायला शिकवा, बक्षीस अंगावर पांघरता येत नाही.

आत्या : पाठवला होता. माझी जीभ अशीच आहे. त्या शाळेत पाय टाकवत नाही मला.

पिसिला : का?

आत्या : तुला कोणी सांगितलं नाही?

एसेता : मलाही नाही, वन्सं.

आत्या : मी दुखण्यानं एक वर्ष मागे राहिले आणि तुझा बाप माझ्या वर्गात येऊन पडला. विज्ञानाचा वर्ग एकच. तो त्या टोकाला, मी या टोकाला, निमूट चाललं होतं. मग न्यूझीलंडहून नवे मास्तर आले. माणूस देवासारखा, पण त्याला आपल्यातलं काय कळणार? त्यानं आडनावांवरून बाक लावले. एक आडनाव, एक बाक, दोघांत मिळून एक सूक्ष्मदर्शक. आणि धडा कुठला, तर बाळ पोटात कसं राहतं.

पिसिला : अरे देवा.

आत्या : सगळा वर्ग माना खाली घालून बसलेला. रिवाजानं उठायचं भावानं, कारण मान बहिणीचा. आणि उठला हो तो. मी खोटं नाही बोलणार, दोघं एकदमच उठलो. पण दाराकडची बाजू माझी होती. तो बाकाला वळसा घालेपर्यंत मी बाहेर. मग मास्तरांनी त्याला हाताला धरून खाली बसवलं. मी बाहेर नीरफणसाखाली उभी. म्हटलं, कोणीतरी बोलवायला येईल.

पिसिला : आलं कोणी?

आत्या : घंटा झाली. दुसऱ्या दिवशी आईनं शाळेऐवजी चटईसाठी केवड्याची पानं पुढ्यात टाकली, म्हणाली सोल. त्या वर्गात पहिला नंबर कोणाचा होता ठाऊक आहे? माझा. तुझ्या बापाला मीच गणितं कागदावर लिहून पाठवायची, चुलतभावाच्या हातून. जाऊ दे. तो शिकला, मास्तर झाला, मला बरंच वाटलं. वाईटही वाटलं. दोन्ही वाटलं.

पिसिला : आत्या, बाबा मुलींना दाराजवळ बसू द्यायचे नाहीत.

आत्या : कुठे?

पिसिला : वर्गात. वर्षाच्या पहिल्या दिवशी स्वतः बाक लावायचे. दाराकडे सगळी मुलं, मुली आतल्या भिंतीशी. आम्ही कुरकुरायचो, की इथे उकडतं, वारा सगळा दाराकडून येतो. म्हणायचे, उकडू दे. एकदा एका मुलीला चक्कर आली तरी हलवली नाही, पुठ्ठ्यानं वारा घालत शिकवत राहिले. बाकीचे मास्तर हसायचे त्यांना. आम्हाला वाटायचं, म्हातारपणाची लहर.

एसेता : आणि एखादी पोर यायची बंद झाली की तिच्या आत्याच्या घरी जाऊन बसायचे. तासन् तास. लोकांच्या बहिणींशी बोलता यायचं त्यांना.

आत्या : आणि माझ्या अंगणात येऊन पत्र्यांचं बोलून गेला.

एसेता : वन्सं, कात्री द्या माझ्याकडे. केस अर्धेच राहिलेत.

आत्या : राहू दे. मला वाटायचं, तो विसरला. इतकी वर्षं मी मनात धरून बसले की हा विसरला.

एसेता : कसं सांगणार होते ते तुम्हाला?

आत्या : कोनफळं ठेवून गेला, गाढव. पिसिला, इकडे बघ. नाही, बघू नकोस, मान तशीच ठेव आणि ऐक. या घरात शब्द माझा आहे. तू जायचं. गावाला मी तोंड देते, पाद्रीबुवांना मी तोंड देते. बापाचं वर्ष व्हायच्या आत पोर गेली म्हणून कोणी नाक मुरडलं तर त्याला माझ्या दारात पाठव. कधी निघायचं?

पिसिला : आधी केस होऊ द्या, आत्या.

आत्या : केस कुठे पळून जातायत? कधी निघायचं ते विचारतेय.

पिसिला : बघू.

एसेता : सांग ना त्यांना.

पिसिला : आई, नको.

एसेता : मग मी सांगते. वन्सं, ते गेलं. येते म्हणून कळवायचं होतं, त्याची मुदत गुरुवारी संपली. गुरुवारी आपण यांना माती देत होतो. हिची जागा दुसऱ्या कोणाला दिली त्यांनी. काल कळलं. काल रात्री जेवली नाही ती बापासाठी नव्हे, यासाठी. आणि मग बापासाठी जेवली नाही असं सगळ्यांनी म्हटलं याची लाज वाटून आणखी रडली.

आत्या : माती आधीच द्यायची होती. ऑकलंडची माणसं यायची म्हणून मी थांबवली.

एसेता : तुम्हाला काय माहीत, वन्सं.

आत्या : अगं, पण एक फोन करायचा होता.

पिसिला : फोन तुमच्या मागे टोपलीत होते. पोरं बाबांचे फोटो काढतात म्हणून तुम्ही सगळ्यांचे काढून घेतलेत. बरोबरच होतं ते.

आत्या : मग येऊन मागायचास.

पिसिला : आले होते. उंबऱ्यापर्यंत. सगळा गाव बसलेला. तुम्ही बाबांचं कपाळ पुसत होतात आणि त्यांच्याशी काहीतरी बोलत होतात, हळूच. तुम्हाला त्यांच्याशी बोलताना मी कधी बघितलं नव्हतं. मला मधे पडवेना.

आत्या : काय बोलत होते, ऐकलंस?

पिसिला : नाही. मी परत फिरले.

आत्या : वर्षानुवर्षांचं साठलेलं बोलत होते. त्यापेक्षा तू ओरडली असतीस तर बरं झालं असतं, पोरी. चुलीपासून ओरडली असतीस तरी चाललं असतं.

पिसिला : मला नाही ओरडता येत तुमच्यावर.

आत्या : ते शिकवलंय आम्ही तुम्हाला. झकास शिकवलंय. पुढच्या वर्षी जागा निघतात का परत?

पिसिला : निघतात. मिळेलच असं नाही. ही बेटांवरच्या मुलींसाठी मुद्दाम ठेवलेली होती. पुढच्या वर्षी ठेवतील, नाही ठेवतील.

आत्या : पण निघतात.

पिसिला : निघाल्या तरी आता कसं जाऊ, आत्या? धाकटे दोघं शाळेत आहेत. आईचे गुडघे तुम्ही बघताय. बाबा होते तेव्हा गोष्ट वेगळी होती. आता आईजवळ कोण राहणार?

आत्या : मी.

एसेता : तुम्ही? इथे? वन्सं, लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून तुम्ही एक रात्र कधी काढली नाहीत इथे. वादळात सगळा गाव आमच्याकडे आला, तेव्हाही नाही.

आत्या : कशी काढणार? भाऊ होता ना घरात.