नॉब कुणी फिरवले?

तुम्ही हसाल, पण माझं डोकं अजून तापतं. नंदाखालला एका लग्नात आमचा बँड होता. माझा बास गिटारचा अँप, म्हणजे आवाज वाढवणारा अॅम्प्लिफायर, नेमका सकाळी बंद पडला, म्हणून घरातला साध्या गिटारचा नेला. त्याच्या स्पीकरला बासचा जाड आवाज झेपत नाही. म्हणून मी बासचा नॉब खाली ठेवला, मिड, म्हणजे मधल्या आवाजाचा नॉब, वाढवला, व्हॉल्यूम बेताचा. खूप खटपट करून कुठे गोल, स्वच्छ आवाज मिळाला.

शर्ट बदलून परत येतो तर नवऱ्या मुलाचा मामा माझी गिटार गळ्यात अडकवून उभा. अँपचे सगळे नॉब टोकाला!

"अंकल, हे काय केलंत?"

"अरे, बास वाजवायचा आणि बासच कमी? विसरलास तू. मी नीट करून दिलं."

मी धावेपर्यंत त्याने जाडी तार ओढलीसुद्धा. स्पीकर टर्रकन फाटला. मांडवात टाळ्या!

"बघ, आता आला आवाज!"

"अंकल, तो अँप मेला त्याचा आवाज होता!"

"काय पण असो, भारी होता. मे महिन्यात माझ्या पोरीचं लग्न आहे. हाच अँप आण, आणि नॉबना हात लावू नकोस."