दोन पायऱ्या मागे

प्रदीपकुमार : ती अजून वर आली नाही, आई.

पुष्पावती : येईल की. धबधब्याशी बसली असेल. एवढ्या पायऱ्या मी गुडघे धरत चढून आले, तरण्याताठ्या पोरीला काय धाड भरलीय? हॉटेलवाल्यांनी पानं मांडली, कोसंबरी वाढली. सारू निवून जाईल.

प्रदीपकुमार : फोन उचलत नाही.

पुष्पावती : दरीत रेंज कुठली? माझा पासष्टावा वाढदिवस, येलहंकाहून अख्खं गाव ओलांडून आनेकलपर्यंत आलो, ते काय तुझं हे तोंड बघायला? स्वल्प हास.

प्रदीपकुमार : मघाशी पायऱ्यांवर तू बोललीस ना...

पुष्पावती : खरं तेच बोलले. दोनदा दिवस राहिले, दोनदा पोट पडलं. तुझ्या बायकोच्या अंगातच ते नाही, आता दुसरा विचार करायला हवा, म्हटलं. आणि मराठीत म्हटलं. ती दोन पायऱ्या मागे होती, तिला काय कळतंय?

प्रदीपकुमार : कळलं तिला.

पुष्पावती : कसं कळेल? तिच्या माहेरी सगळं कन्नड. अरे, आपल्या घरात हेच चालत आलंय. चिक्कपेटेच्या दुकानात तुझे बाबा गिऱ्हाइकाच्या तोंडावर मला सांगायचे, हा नुसता बघणारा आहे, कॉफी मागवू नको. चाळीस वर्षांत एकालाही पत्ता लागला नाही.

प्रदीपकुमार : पवित्रा सहा महिने मराठी शिकतेय. वरच्या मजल्यावरच्या हेमावती अक्कांकडे. संध्याकाळी भाजीला जाते म्हणायची ना, ते खरं तिथे जायची. आज जेवताना तुझ्याशी पहिल्यांदा मराठीत बोलणार होती. म्हणाली, अत्तेंकडे साड्या पुष्कळ आहेत, मी वाढदिवसाला हेच देईन.

पुष्पावती : अय्यो... आणि तुला हे ठाऊक होतं?

प्रदीपकुमार : हो.

पुष्पावती : मग मला गप्प का नाही केलंस? नुसता माझा हात दाबला असतास तरी पुरे होतं. माझं काय, उचलली जीभ, लावली टाळ्याला.

प्रदीपकुमार : तुला थांबवलं असतं तर तिचं गुपित फुटलं असतं.

पुष्पावती : थापा मारू नको, प्रदीपा. मी जन्म दिलाय तुला. तू 'हं' म्हणालास. मी कान देऊन ऐकत होते, तू काय म्हणतोस ते.

प्रदीपकुमार : मी दमलोय, आई. ते दवाखाने, त्या तारखा, तिचं बाथरूममध्ये नळ सोडून रडणं. क्षणभर वाटलं, आपल्याला बोलता येत नाही ते कुणीतरी बोललं.

पुष्पावती : हे तिला कधी सांगू नको.

प्रदीपकुमार : सांगायचं काय राहिलंय?

(पवित्रा वर येते. हात धुते. नवऱ्याशेजारचं पान तिच्यासाठी राखलेलं असतं, ते सोडून ती सासूच्या समोर बसते.)

पवित्रा : उशीर झाला. तुम्ही का जेवला नाही?

पुष्पावती : बाळ, मी मघाशी...

पवित्रा : थांबा, अत्ते. मी पाठ केलं आहे, विसरेन. वाढदिवसाच्या शुभेच्छा. तुम्ही मला तुमच्या घरात घेतलं, आता मी तुमच्या भाषेत आले. माझं चुकलं तर हसा, पण शिकवा. एवढंच होतं.

पुष्पावती : मला तोंड दाखवायला जागा राहिली नाही ग.

पवित्रा : पुढचं पाठ केलेलं नाही. हळू बोलते. दोनदा नाही, अत्ते. तीनदा. तिसऱ्या वेळी उगादी होती, घर भरलं होतं. यांना पण सांगितलं नाही.

प्रदीपकुमार : पवी... एकटीच गेलीस?

पवित्रा : हेमावती अक्का होत्या. डॉक्टर येईपर्यंत त्यांनी मला मराठी आकडे शिकवले. शंभरपर्यंत.

प्रदीपकुमार : पायऱ्यांवर मी जे...

पवित्रा : अत्तेंचं बोलणं समजायला मला सहा महिने लागले. 'हं' आमच्या कन्नडमध्ये पण 'हं'च आहे. तुम्ही जेवा. जाताना मला जे. पी. नगरला सोडा, अम्माकडे.

पुष्पावती : किती दिवस?

पवित्रा : माहीत नाही.

पुष्पावती : सरी, चालेल. मीही तिथेच उतरते. मी काय बोलले ते तुझ्या आईला माझ्या तोंडानं सांगते. पायावर डोकं ठेवते हवं तर.

पवित्रा : नको, अत्ते. अम्मा सगळ्यांना सांगते, माझ्या मुलीला फार चांगली सासू मिळाली. तिला काही सांगू नका.