नासपतीजवळचा दगड

गेरलिंडे : कॉफी नको, काका. बसतही नाही मी. हो की नाही, तेवढं सांगा.

लेओनहार्ट : अगं, बूट तरी काढ. शेण लागलंय.

गेरलिंडे : गोठ्यातनं तडक आलेय, लागणारच. सरपंचांचा फोन आला. रविवारचा माझा शपथविधी पुढे ढकललाय म्हणे, पार वसंतापर्यंत. का, तर सातांच्या प्रमुखांचे गुडघे दुखतात.

लेओनहार्ट : दुखतातच. त्र्याऐंशी वर्षं झाली मला.

गेरलिंडे : परवा बटाटे वेचत होतात ते कुणाचे गुडघे होते? ट्रॅक्टरवरून पाहिलं मी. तुरुतुरु चालला होतात.

लेओनहार्ट : बटाटे वाट पाहत नाहीत. शपथ पाहते.

गेरलिंडे : फ्रिट्झ गेल्यापासून हद्दीचे दगड सांभाळणाऱ्या सातांतली एक जागा रिकामी आहे. उरलेल्या सहा जणांनी मत दिलंत. पाच मतं माझ्या नावावर पडली. सहावं कुणाचं, ते आमची कोंबडीसुद्धा सांगेल.

लेओनहार्ट : मतं गुप्त असतात आमची.

गेरलिंडे : सहा माणसांत? गप्प बसा काका, हसू येतं मला. बाई आहे म्हणूनच ना?

लेओनहार्ट : नाही.

गेरलिंडे : टेकडीपलीकडच्या गावात दोन वर्षं झाली, बाई आहे सातांत. शेतांच्या हद्दी दाखवते, दगड रोवते. एकाही दगडाला विटाळ झाला नाही.

लेओनहार्ट : नाही म्हटलं ना! बाई असलीस म्हणून माझं काय बिघडतंय? आमच्यातल्या त्या आंद्रेआसपेक्षा तुझी नजर सरळ आहे. त्याला स्वतःच्या घराची भिंत सरळ बांधता आली नाही.

गेरलिंडे : मग गुपित फोडेन असं वाटतंय? दगडाखाली तुम्ही खुणेला काय पुरता, ते मी दुकानात जाऊन सांगेन?

लेओनहार्ट : तुझ्या पोटात राहील, हे ठाऊक आहे मला.

गेरलिंडे : मी लहान असताना तुम्ही दगड रोवायला यायचात, तेव्हा आम्हा पोरांना दहा पावलं मागे उभं करायचात, तोंड फिरवून. मी एकदाही मान वळवली नाही. माझा भाऊ वळवायचा, मी नाही.

लेओनहार्ट : पाहिलंय मी. बस ना गं. उभ्यानं बोलतेस, मान दुखते माझी.

गेरलिंडे : बसले. आता खरं सांगा. गॉटलीबची मुलगी आहे म्हणून?

लेओनहार्ट : दूध घालू का?

गेरलिंडे : म्हणजे हो.

लेओनहार्ट : मी काही बोललो नाही.

गेरलिंडे : तुम्ही कधीच काही बोलला नाहीत. चौऱ्याहत्तर साली मी सहा वर्षांची होते, तरी सगळं आठवतं मला. बाबा म्हणाले, आपल्या दोघांच्या शेतांमधला नासपतीजवळचा दगड सरकलाय, आमच्या बाजूला दीड हात आलाय. त्यांनी सातांना बोलावलं. तुमचे वडील प्रमुख होते. उकरलं, पाहिलं, म्हणाले खुणा जागच्या जागी आहेत, दगड खरा, गॉटलीब खोटा. झालं! त्याच शरदातल्या जत्रेत पोरांनी गाडीवर गवताचा गॉटलीब बसवला, त्याच्या हातात ही एवढी लाकडी मीटरपट्टी दिली आणि गावभर मिरवला. तेव्हापासून बाबा 'मीटर-गॉटलीब'. गुत्त्यात बिअर आली की कुणीतरी विचारायचंच, गॉटलीब, मोजलीस का रे, पुरी आहे का?

लेओनहार्ट : मी कधी विचारलं नाही.

गेरलिंडे : नाही. तुम्ही हसणाऱ्यांच्या टेबलावर बसायचात, एवढंच. बाबांना सातांत यायचं होतं, माहीत आहे तुम्हाला? सबंध गावात जमिनीची त्यांच्याइतकी पारख कुणाला नव्हती. दोनदा जागा निघाली. कुणी नावसुद्धा घेतलं नाही. खोटारड्याला कोण घेणार! म्हणून मला यायचंय, काका. मला काही मान मिरवायची हौस नाही. त्यांच्या पोरीला गावानं शपथ द्यावी, एवढंच.

लेओनहार्ट : ठाऊक आहे.

गेरलिंडे : ठाऊक आहे आणि तरी आडवे येता? बाबा गेले तेव्हा आपल्याकडच्या रीतीनं पहिला खांदा शेजाऱ्याचा, म्हणजे तुमचा. तुम्ही निरोप पाठवलात, कंबर धरलीय. तेव्हा कंबर, आता गुडघे. बरे ऐन वेळी दुखतात तुमचे अवयव!

लेओनहार्ट : गेरलिंडे, शपथ झाली की त्या दिवशी काय करतात, ठाऊक आहे तुला?

गेरलिंडे : प्रमुख नव्या माणसाला रानात नेतो आणि खुणा समजावून देतो.

लेओनहार्ट : तोंडी. कागदावर नाही. काय ठेवायचं, किती, कुठल्या दिशेला, कसं मांडायचं. एकदा ते कळलं की मग कुठलाही दगड उकर, खाली पाहिलंस की ओळखशील, खरा की बनावट.

गेरलिंडे : बरं, मग?

लेओनहार्ट : तू पहिला कुठला उकरशील?

गेरलिंडे : ...नासपतीजवळचा.

लेओनहार्ट : म्हणून.

गेरलिंडे : काका. काय आहे त्याच्या खाली?

लेओनहार्ट : शपथ न घेतलेल्या माणसाला ते सांगता येत नाही.

गेरलिंडे : काका!

लेओनहार्ट : काय आहे, ते सांगता येत नाही. काय नाही, ते सांगितलं तर शपथ मोडत नसावी. पन्नास वर्षं विचार करतोय त्यावर.

गेरलिंडे : काय नाही?

लेओनहार्ट : काहीच नाही. माती आहे.

गेरलिंडे : थांबा. थांबा जरा. काहीच नाही म्हणजे?

लेओनहार्ट : मी उपटला तो. बीट काढून झालं होतं, नांगरट चालली होती, वळताना नांगर दगडात अडकला आणि दगड उताणा पडला. तीनच आठवडे झाले होते माझ्या शपथेला. कळतंय का तुला? सातांतला माणूस, नवा कोरा, आणि स्वतः हद्दीचा दगड उपटून बसला! गावानं हसं केलं असतं माझं. जत्रेच्या गाडीवर माझा नंबर होता त्या वर्षी.

गेरलिंडे : मग बाकीच्यांना बोलावून पुन्हा बसवायचा होता. चुकतं माणसाचं.

लेओनहार्ट : तीच तर रीत आहे. एकट्यानं दगडाला हात लावायचा नाही. पण बाप धावत आला, म्हणाला, तोंड मिट. खुणा नांगरात विखुरल्या होत्या, काही तर फुटल्या होत्या. त्यानं अंदाजानं दगड उभा केला, माती दाबली, दोन लाथा मारल्या. संध्याकाळच्या घंटेच्या आत घरी आलो. दीड हात ढापायचा असं नव्हतं गं मनात. देवाशपथ नव्हतं. घाईत बसला तसा बसला.

गेरलिंडे : आणि सातांनी उकरलं तेव्हा?

लेओनहार्ट : बाप म्हणाला, मी बघतो. गुडघ्यावर बसला, खड्ड्यात हात घातला, म्हणाला, आहे सगळं जागच्या जागी. प्रमुखानं सांगितल्यावर दुसरं कोण वाकून बघणार! तुझा बाप दहा पावलांवर पाठ करून उभा होता. नियमानं. एकदाही मान वळवली नाही त्यानं. वळवली असती तर बरं झालं असतं.

गेरलिंडे : तुम्ही कुठे होतात?

लेओनहार्ट : खड्ड्याच्या काठावर. फावडं माझ्या हातात होतं.

गेरलिंडे : लाज नाही वाटली?

लेओनहार्ट : वाटली. रोज वाटते. बाप होता तोवर बापाची भीती. बाप गेला तेव्हा म्हटलं, आता मेलेल्याची बदनामी कशाला. मग गॉटलीब गेला. म्हटलं, आता कुणाला सांगू. असं करत करत माणूस त्र्याऐंशीचा होतो.

गेरलिंडे : बाबा मोजणी खात्याला बोलवू शकले असते. आई म्हणायची, बोलवा. तर म्हणायचे, सातांनी सांगितल्यावर सरकारी माणूस आणायचा म्हणजे सातांना खोटं पाडायचं, ते आपल्यानं होणार नाही. त्यांनी तुमची लाज राखली हो! आणि तुम्ही...

लेओनहार्ट : जमीन परत घे. मी लिहून देतो. दीड हात, पार ओढ्यापर्यंत.

गेरलिंडे : काय करू तिचं? दगडाच्या दोन्ही बाजूंची शेतं तो डॉलिंगर खंडानं कसतो, तुमचंही आणि आमचंही. एकच मका उभा आहे इकडून तिकडे. दगडाला वळसा घालताना शिव्या देतो तेवढंच काय ते. जमीन नकोय मला, काका. लखलाभ तुम्हाला.

लेओनहार्ट : मग रविवारी शपथ घे. सरपंचांना फोन करतो आत्ता. आणि शपथ झाली की सगळ्यांसमोर मी सांगतो, अगदी पहिल्यापासून. मला काढतील. काढू देत. सातांतून जिवंतपणी कुणाला काढल्याचं माझ्या ऐकण्यात नाही, पण काढतील. नवा दगड तुम्ही बसवा.

गेरलिंडे : रविवारचं रविवारी. आधी चला.

लेओनहार्ट : कुठे?

गेरलिंडे : आमच्याकडे. आई आहे अजून. मीटर-गॉटलीबची बायको म्हणून पन्नास वर्षं जगलीय ती. गावाला कळायच्या आधी तिला कळलं पाहिजे, आणि तुमच्या तोंडून.

लेओनहार्ट : बाबेट वहिनी मला दारात उभं करणार नाही.

गेरलिंडे : नाही केलं तर अंगणातून सांगा. कोट घाला.

(बाबेटचं स्वयंपाकघर. मोठ्या पातेल्यात आलुबुखाराचा मुरंबा रटरटतो आहे.)

बाबेट : कोण? लेओनहार्ट? अगो बाई! कोण मेलं?

लेओनहार्ट : कुणी नाही, वहिनी.

बाबेट : मग तू कसा आलास? कुणी मेल्याशिवाय या घरात पाऊल टाकत नाहीस. माझा नवरा मेला तेव्हा तर तेही नाही.

गेरलिंडे : आई, काकांना काही सांगायचंय.

बाबेट : सांगू दे की. हात मात्र थांबवणार नाही मी, खाली लागेल. तुझे डोळे का लाल झालेत गं? रडलीस?

गेरलिंडे : कांदा चिरला.

बाबेट : गोठ्यात? बरं. बोल रे.

लेओनहार्ट : वहिनी, नासपतीजवळच्या दगडाचं...

बाबेट : हं.

लेओनहार्ट : तो दगड सरकला होता. मीच उपटला होता नांगरानं. आमच्या बापानं एकट्यानंच परत बसवला, चुकीच्या जागी. त्याच्या खाली एकही खूण नव्हती, आणि आम्ही दोघांनी सगळ्यांसमोर खोटं सांगितलं.

बाबेट : गेरलिंडे, हा चमचा धर. ढवळत राहा, थांबू नकोस.

गेरलिंडे : आई, तू बस.

बाबेट : नाही बसत. मला ठाऊक होतं रे. माझा गॉटलीब खोटं बोलायचा, किती बिअर प्यायला ते कधी खरं सांगितलं नाही त्यानं, पण जमिनीबद्दल नाही. शेवटच्या दुखण्यात मला म्हणाला, बाबेट, कदाचित माझंच चुकलं असेल गं, सात माणसं कशी चुकतील? स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास उडवून गेला तो माणूस. जमिनीचं काही नाही. हे नेलंत तुम्ही त्याचं.

लेओनहार्ट : वहिनी, माफ कर म्हणायला आलो नाही. तेवढं तोंड नाही मला. गॉटलीब खरा होता, एवढंच सांगायला आलो.

बाबेट : काय म्हणालास?

लेओनहार्ट : गॉटलीब खरा होता.

बाबेट : मोठ्यानं.

गेरलिंडे : आई, तुला नीट ऐकू येतंय.

बाबेट : मला येतंय गं. खिडकी उघडी आहे आणि पलीकडे शेजारची एर्ना कपडे वाळत घालतेय.