साहेब उठले तरी उठू नका

अन्याय झाला तो माझ्या जावेवर, पारूवर, आणि तो झाला स्वराज्य आल्यानंतरच्या तिसऱ्या उन्हाळ्यात, धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, आमच्या गावच्या चावडीवर. लोक म्हणतात पारूला श्रावणात नदीनं नेलं. नदीला कशाला बोल लावता? नदी आपल्या जागी होती. जागची हलवली ती कचेरी. हे आधी लिहून घ्या, मंग बाकीचं सांगते.

माझं माहेर अंबरनाथकडचं, बाप दुसऱ्याच्या शेतात राबायचा. लग्न करून इथं आले, बदलापूर स्टेशनापासून पाहिलं तर नदीच्या पल्याड. आमच्याकडं स्टेशन पल्याड, ज्याचं त्याचं पल्याड. घरात सासरे, माझा मालक, धाकटा दीर आणि त्याची बायको पारू. दोघे भाऊ अंबरनाथच्या कारखान्यात, अंधारात जायचे, अंधारात यायचे. शेत नाय, म्हणजे खायचं ते रेशनचं. आणि रेशनच्या कार्डावर महिन्याच्या महिन्याला शिक्का लागायचा, शिक्का नाय तर दुकानदार तोंड फिरवायचा. ती शिक्क्याची कचेरी आमच्या चावडीतच होती, मारुतीला लागून. भाकरी तव्यावर टाकून जावं आणि करपायच्या आत परत यावं, इतकी जवळ. आसपासच्या वाड्यांच्या बायाही तिथंच यायच्या, पोरं काखेला मारून.

पारू काय होती म्हणून सांगू तुमाला. जिभेला हाड नाय. कारकून जेवायला गेला की त्याच्या रिकाम्या खुर्चीला नमस्कार करायची आणि म्हणायची, बाय, ही खुर्ची बरी, हिला विचारलं तर खेकसत तरी नाय.

मंग एक दिवस दवंडी आली. कचेरी नदीपार स्टेशनाच्या बाजूला न्यायची आहे, लोकांचं म्हणणं ऐकायला वरचे साहेब येणार. लोकांचं म्हणणं! आमी खूश. आजवर आमाला कोणी काय विचारलंय? सासऱ्यांनी ठेवणीतलं धोतर काढलं. सगळ्या गावाचं एकच बोलणं, ना म्हणायचं, पावसाळ्यात नदी कोण ओलांडणार.

साहेब आले, खुर्चीवर बसले, पुरुष ओट्यावर मांडी घालून, आमी बाया खाली धुळीत. साहेब पुष्कळ बोलले, कचेरी मोठी होईल, स्टेशन जवळ, सगळ्यांची सोय. सगळ्यांची म्हणजे त्यांची, त्यांना उतरल्यावर चालायला नको. शेवटी म्हणाले, ज्यांना हे कबूल असेल त्यांनी उभं राहावं. आणि हे म्हणताना स्वतःच खुर्चीवरून उठले.

आता तुमी सांगा. साहेब उभा राहिला आणि गाव बसून राहिलं, असं कधी झालंय आमच्याकडं? इंग्रजाच्या वेळेपासून अंगात मुरलेलं, आधी पाठ उठते, डोकं मागून. पाटील उठले, सासरे उठले, ओटा उठला, खाली बाया उठल्या, मीही उठले. कबूल म्हणून नव्हे हो, मान द्यायला. साहेबांनी नुसती नजर फिरवली आणि म्हणाले, छान, गावाची एकमतानं संमती.

बसली होती एकटी पारू.

सासरे ओट्यावरून डोळे वटारतात, ऊठ, मोठी माणसं उभी आणि तू बसतेस? ती म्हणाली, मामंजी, आज बसू द्या. साहेबांनी पाहिलं. म्हणाले, बाईला घेरी आली वाटतं, उन्हाची बसलीय, पाणी द्या कोणीतरी. शिपाई तांब्या घेऊन आला. पारू म्हणाली, मला तहान नाय, साहेब, मी ना म्हणून बसलेय. लोक हसले. काय सांगू, लोक हसले हो! साहेब तवर चपला घालून खाली उतरलेही होते.

मिरगाच्या आधी कचेरी गेली. श्रावणात महिना संपत आला, दोघींच्या कार्डावर शिक्का नाय, डब्यात दाणा नाय. मी तापानं पडलेली, दोघे भाऊ पुरानं कारखान्याकडंच अडकलेले. पारू म्हणाली, बाय, मी दोन्ही कार्डांवर शिक्का मारून आणते. होडीवाल्यानं पाणी बघून होडी बांधून ठेवलेली, त्यानं नको म्हटलं. ती वरच्या अंगाला, उन्हाळ्यात पायी ओलांडतात त्या उतारानं पाण्यात शिरली. पाणी ओसरलं तवा खाली करंजाच्या मुळांत सापडली. दोन्ही कार्डं फडक्यात कमरेला घट्ट बांधलेली. दीर त्यानंतर कारखान्यातून सरळ घरी येत नाय, कुठंतरी बसतो, मंग येतो.

आता पुन्हा दवंडी आलीय. तीच कचेरी आणखी लांब न्यायची, निर्वासितांच्या कॅम्पाच्या बाजूला. मी कॅम्पात भाजी विकते, तिथल्या सिंधी बाया म्हणतात, हमको भी किसी ने कहाँ पूछा, गाडी में से उतारा और बोला यहीं रहो. त्यांची कचेरी त्यांना द्या ना, स्वतंत्र द्या, आमची ओरबाडून कशाला? पण विचारायला येणार तेच साहेब, आणि विचारण्याची रीत तीच, शिपाई सांगून गेलाय.

सासरे आता ओट्यावर हात धरून चढतात. काल रात्री जेवताना, घास तसाच हातात, म्हणाले, या खेपेला मला कोणी धरून उठवू नका.

तर हे वाचणाऱ्यांनो, तुमी बदलापूरचे असा, अंबरनाथचे असा, कॅम्पातले असा, हळहळ मला नको, हळहळून पोट भरलंय. येत्या सोमवारी सकाळी आमच्या चावडीवर या. खाली धुळीत बसा. साहेब उठले तरी उठू नका, पाटील उठले तरी उठू नका. आणि कोणी पाण्याचा तांब्या पुढं केला तर तो परत करा आणि मोठ्यानं सांगा, आमाला घेरी आलेली नाय.