जरीची झोळी

हसाल तुम्ही, पण आमच्या तंजावुरात तान्हं बाळ साडीच्या झोळीत झोपतं. माझी मुलगी, म्हणजे पहिली नात, म्हणून सासूबाईंनी लग्नातला जरीचा शालूच टांगला. पोर रात्रभर रडायची. ग्राइप वॉटर झालं, दृष्ट काढली, डॉक्टरही झाले. शेवटी आमच्या ह्यांनी झोळीत गाल टेकवला आणि ओरडले, "अम्मा, जर टोचतेय हिला!"

सासूबाई फणकारल्या, "मग काय, राजवाड्याशेजारी राहून नातीला चिंधीत निजवू?"

पण मुकाट्यानं आपली नेसायची विटकी सुती साडी त्यांनीच बांधली. पोर गाढ झोपली.

आता सासूबाई नाहीत. शालू कपाटात नव्यासारखा आहे. परवा चेन्नईच्या हॉस्टेलातून लेकीचा फोन आला, "अम्मा, झोप लागत नाही गं. आजीची ती चिंधी पाठव ना."