समोरून डावी

...आणि वर विमावाले मलाच विचारतात, "चालवत कोण होतं?" अहो, चालवत कोण होतं म्हणजे काय? गाडी उभी होती! घराखाली, स्टँडवर, हँडल लॉक, चावी वर खिळ्याला, जिची गाडी ती ताई आंघोळीला गेलेली आणि मी तोंडात ब्रश घालून खिडकीत. तेवढ्यात एक टेम्पो मागे मागे येतो काय, गाडीची अख्खी उजवी बाजू खरवडतो काय, आणि मी तोंडातला फेस सांभाळत खाली पोचेपर्यंत गल्लीच्या टोकाला दिसेनासा होतो काय! आरसा लोंबतोय, इंडिकेटरचा चुरा, ब्रेकचा लिव्हर वाकून आत, आणि टाकीला पोचा... तोही कसा, की डोकं ठेवून झोपावं! डावी बाजू मात्र जशीच्या तशी. कारण डावीकडे भिंत. लेकरू आईच्या कुशीत असावं तशी डावी बाजू भिंतीच्या कुशीत. तेवढं लक्षात ठेवा. कुणीतरी ठेवायलाच हवं, कारण पुढे माझंच डोकं फिरायला लागलं.

आता ताईचं काम असं, की सकाळी घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने गोळा करायचे. लोक उपाशीपोटी दंड उघडा करून बसलेले! ती खांद्याला पेटी अडकवून बसनं निघाली. पहिल्याच दिवशी लॅबवाले म्हणाले, "महिनाअखेरपर्यंत गाडी आली तर ठीक, नाहीतर गाडीवाली दुसरी कुणी बघावी लागेल." खिशातून दुरुस्ती करायची तर आमचे खिसे पहिल्यापासूनच उलटे! मामा म्हणाले, "माझ्या ओळखीचा एक आहे, तो विम्याचं सगळं बसवून देतो." मी म्हटलं, नाही मामा! मी नुकताच शिकून परत आलोय, आणि तिकडे मी एकच गोष्ट शिकलो... नियमानं सगळं होतं, फक्त कुणीतरी नियमानं जायला हवं! मामा माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "जा बाबा. आम्ही आहोतच." ते 'आम्ही आहोतच' मला तेव्हा धीराचं वाटलं हो!

विम्याचा सर्वेअर आला. सभ्य माणूस, बोलणं हळू, बूट वाजत नाहीत. आला तो गाडीच्या बरोबर समोर उभा राहिला, तिच्या डोळ्याला डोळा लावून, आणि लिहिलं... 'डावी बाजू क्षतिग्रस्त.' मी म्हटलं, साहेब, उजवी! तो म्हणाला, "मला डावीकडे दिसतेय." मी म्हटलं, तुम्ही समोर उभे आहात म्हणून! गाडीवर बसा, मग बघा! "मी बसायचं?" तो म्हणाला. "म्हणजे मग चालक मी होईन." आणि पेनाचं टोपण लावून जाताना म्हणाला, "मंजुरी येईपर्यंत गाडी हलवू नका हं. हातसुद्धा लावू नका."

नाही लावला! नियम म्हणजे नियम.

मग मेकॅनिक आला, हातात मंजूर सामानाची यादी. डावा आरसा, डावा इंडिकेटर, क्लचचा लिव्हर. मी म्हटलं, अरे, हे सगळं धडधाकट आहे! तो म्हणाला, "म्हणून तर काम सोपं आहे, दादा. चांगलं काढायचं, चांगलं बसवायचं." आणि उजवीकडचं? "ते मला दिसतंय, दादा. पण मंजूर नाहीये." आणि जाताना त्यानं डाव्या आरशावरून अलगद हात फिरवला... डॉक्टर घरच्यांना एक सांगतो आणि पेशंटला एक सांगतो, तेव्हा फिरवतो ना, तसा.

गेलो विम्याच्या कचेरीत. काचेच्या खिडकीपलीकडे एक बाई, आवाज मधासारखा. "चूक झाली असेल तर दुरुस्तीचा अर्ज करा ना!" केला! मग दुसरा सर्वेअर आला. एका हातात पहिल्याचा रिपोर्ट, दुसऱ्या हातात टॉर्च, भर दुपारी! डावीकडे टॉर्च मारली. मारतच राहिला. मग माझ्याकडे वळला. "डावीकडचं नुकसान कुठे आहे?" मी आनंदानं ओरडलो, नाहीच आहे! तो म्हणाला, "म्हणजे पाहणीनंतर तुम्ही ते परस्पर दुरुस्त करून घेतलंत." अहो! "आणि उजवीकडे जे दिसतंय, ते रिपोर्टात नाही. म्हणजे हा दुसरा अपघात." अहो, गाडी उभी होती! "दोन्ही वेळा?" त्यानं इतक्या शांतपणे विचारलं, की तुम्हाला सांगतो, क्षणभर मलाच शंका आली.

त्या संध्याकाळी मामा हातोडी घेऊन आले. टेबलावर ठेवली. मग म्हणाले, "एक आरसा, एक लिव्हर. डोळे मीट, मी मारतो. कागद खरा होईल, पोरीची नोकरी राहील." मी उसळलोच! मामा, खोट्याला खरं करायला मी परत आलो नाही! खऱ्याला खरं म्हणायला आलोय! ताई कोपऱ्यात पाय चेपत बसली होती. बसच्या रांगेत उभं राहून पोटऱ्यांचे गोळे झालेले. ती म्हणाली, "तुझं बरोबर आहे रे." एवढंच. भांडली असती तर परवडलं असतं!

हातोडी मी परत दिली. पण त्या दिवसापासून गल्लीतलं येणारंजाणारं प्रत्येक माणूस गाडीच्या डाव्या बाजूकडे बघायला लागलं. उजवीकडे कुणी बघेना! दूधवाला बघायचा, शेजारच्या काकू बघायच्या आणि मान हलवायच्या. "अजून काही झालं नाही?" अहो काकू, होऊन गेलंय! "तसं नव्हे रे... डावीकडे." आणि ती डावी बाजू अशी चकचकीत, अशी निरागस, की मला बघवेना. भिंतीतून बारीक माती पडायला लागली होती. सीटवर रोज थोडी जास्त. मी झाडायला जायचो आणि थांबायचो... हात लावायचा नाही ना!

आणि एका सकाळी धाडकन आवाज झाला.

भिंत! अख्खी भिंत हो! इतकी वर्षं उभी, कुणाला धक्का लावला नाही तिनं. कोसळली तीही अशी मोजूनमापून, की डावा आरसा गेला, डावा इंडिकेटर गेला, क्लचचा लिव्हर गेला आणि बाकी ओरखडा नाही! तिला यादी कुणी दाखवली होती?

पहिला सर्वेअर आला. पुन्हा समोर उभा राहिला. हसला नाही, पण समाधानानं मान डोलावली... पाहुणा उशिरा का होईना, आला म्हणून यजमान डोलावतो तशी. दोन्ही बाजू मंजूर! मेकॅनिकनं गाडी नेली, लखलखीत करून आणली, आणि राहिली फक्त माझी सही.

कचेरीत गेलो, खिडकीपुढच्या खुर्चीत टेकलो. ताई बाहेर गाडीवर, पेटी खांद्याला, हॉर्न देतेय, कारण लॅबनं दिलेल्या मुदतीचा तो शेवटचा दिवस. बाईंनी खिडकीखालून कागद सरकवला. सहीआधी वाचायचं, हा माझा नियम. वाचलं. 'चालक' या रकान्यात माझं नाव! बाई, गाडी उभी होती! "हो, पण दोन अपघातांत दोन्ही वेळा उभी, हे सिस्टिम घेत नाही. मालकीण एकदा आंघोळीला, एकदा नमुने घ्यायला, त्याची नोंद आहे. मोकळे तुम्हीच होतात." बरं, आणि हे खाली काय... 'चालकाचा डावा पाय मोडला'? त्या मधाळ आवाजात म्हणाल्या, "अहो, गाडीचं एवढं नुकसान आणि चालकाला काहीच नाही, हे वरच्यांना खटकतं. म्हणून सर्वेअरसाहेबांनी किरकोळच लिहिलंय."

बाई, माझा पाय चांगला आहे!

"हो ना," त्या म्हणाल्या, आणि काचेतून खाली, माझ्या पायाकडे, शेजारच्या काकूंसारख्या बघायला लागल्या. "दुरुस्तीचा अर्ज करायचाय?"

नको! अर्ज नको! बाहेर ताईचा हॉर्न. केली सही. काय करणार? फक्त सही करताना डावा पाय हळूच खुर्चीखाली ओढून घेतला... आणि मग लक्षात आलं की बाई समोर बसल्यात. म्हणून उजवाही घेतला.